केशराचे बेणे

सहा वर्षांपूर्वी पांपोरहून आणवलेले केशराचे बारा कंद मी पुण्यात, गच्चीवरच्या कुंड्यांत लावले. लहान कांद्याएवढे कंद, वर तपकिरी तंतूंची जाळीदार साल. श्रावणातल्या पावसात चार कुजले. उरलेल्या आठांपैकी तिघांना, मार्गशीर्षात रात्री गार होऊ लागल्यावर, एकेक फूल आले. फिकट जांभळ्या सहा पाकळ्या, आत तीन पिवळे पुंकेसर आणि त्यांच्यामधून बाहेर कललेले तीन लालभडक तंतू. हे तंतू म्हणजेच केशर. तीन फुलांचे मिळून नऊ तंतू झाले. ते मी चिमट्याने खुडले, कागदावर सावलीत वाळवले, आणि एका वाटीभर दुधात ते संपले.

दुसऱ्या वर्षी फूल आले नाही. गवतासारखी बारीक पाने तेवढी आली, प्रत्येकाच्या मधोमध पांढरी रेघ. पाने वाळल्यावर माती उकरली, तर लावलेले कंद तिथे नव्हतेच. त्यांच्या जागी काही सुपारीएवढे कंद होते, काही हरभऱ्याएवढे. तिसऱ्या वर्षी हरभरेच उरले. चौथ्या वर्षी त्या कुंड्यांत दुर्वा माजल्या होत्या.

आपले काय चुकले हे शोधण्यासाठी मी आधी बागकामाची पुस्तके उघडली. तिथे उत्तर मिळाले, पण ते उत्तर मला बागेतून इतिहासात घेऊन गेले. या लेखात तोच प्रवास मांडते आहे.

*

केशर हे क्रोकस या प्रजातीतील एका जातीचे फूल. युरोपातल्या बागांत बर्फ वितळताना जमिनीतून डोके काढणारी पिवळी, पांढरी, जांभळी क्रोकस फुले ही त्याची भावंडे. त्यांतली बरीचशी वसंतात फुलतात आणि बी धरतात. केशर शरदात फुलते आणि बी धरत नाही. लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘क्रोकस सटायव्हस’ हे नाव दिले. ‘सटायव्हस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ पेरलेला, लागवडीचा. पण ज्याला बी नाही ते पेरणार कसे?

बी का नाही, याचे कारण पेशीत आहे. केशराच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतात, आठ-आठांचे तीन संच. बी धरण्याआधी या संचांचे दोन सारखे वाटे पडावे लागतात, आणि तिघांची वाटणी दोघांत सारखी होत नाही. वाटणी फिसकटते, पराग निकामी निघतात, बीजांडे वांझ राहतात. आपण खातो त्या केळ्याचीही हीच गत आहे. म्हणून जळगावचा शेतकरी केळीचे बी शोधत नाही, मुनवे किंवा कंद लावतो. ऊस, हळद, आले यांच्या लागवडीसाठी जे राखून ठेवतात त्याला मराठीत बेणे म्हणतात. इंग्रजीत बी आणि बेणे या दोहोंना बहुधा एकाच शब्दावर भागवतात. आपल्याकडे फरक शब्दातच आहे. केशराला बी नाही, बेणे आहे.

हे बेणे दरवर्षी नवे होते. लावलेला कंद फूल आणि पाने देता देता आटतो आणि त्याच्या डोक्यावर नवे कंद धरतात. हिवाळाभर हिरव्या राहिलेल्या पानांनी मिळवलेले सगळे अन्न या पोरकंदांत जाते. पुढच्या फुलाचा कोंब उन्हाळ्यात, कंद निजलेला असताना, त्याच्या पोटात तयार होतो. त्यासाठी सुमारे २३ ते २७ अंश तापमान मानवते, आणि तयार झालेले फूल वर यायला पारा पुन्हा १७ अंशांच्या आसपास उतरावा लागतो. कंदही आठ-दहा ग्रॅमचा तरी हवा. त्याहून हलका कंद नुसती पाने देतो.

पुण्यात फेब्रुवारीतच ऊन चढते. पाने लवकर करपतात, पोरकंद उपाशी राहतात. एप्रिल-मेमधला ताप फुलाच्या कोंबाला सोसत नाही. पुढे पावसाळ्याची ओल निजलेल्या कंदाला कुजवते. माझ्या गच्चीवर आलेली ती तीन फुले खरे तर माझी नव्हतीच. ती पांपोरच्या मातीत, आधीच्या हिवाळ्यात कमावलेल्या शिदोरीवर आली होती. ती संपली आणि खेळ संपला.

*

याचा एक ऐतिहासिक अर्थ होतो, आणि तो माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. गव्हाचा किंवा तुळशीचा दाणा वारा नेईल, पाखरू नेईल, पुराचे पाणी नेईल. केशर कोणी नेत नाही. कंद कोणीतरी खणून काढावा लागतो, निवडावा लागतो, दुसऱ्या जागी लावावा लागतो. ही साखळी एखाद्या प्रदेशात काही वर्षे तुटली, तर तिथले केशर संपले. रानात लपून राहिलेले केशर नावाची गोष्ट नाही.

मग पहिला कंद कुठला? आपल्या कोशांत याचे उत्तर नावातच दिलेले दिसते. अमरकोशात कुंकुमाची जी नावे येतात त्यांत ‘काश्मीरजन्म’ हे एक आहे. पण त्याच यादीत ‘बाह्लीक’ही आहे, म्हणजे बाल्ख प्रदेशाचे, आजच्या उत्तर अफगाणिस्तानातले. कोशकाराने दोन पत्ते दिले आहेत. एक जन्मगावचा आणि दुसरा वाटेवरचा, की दोन्ही बाजारपेठांचे? नुसत्या नावांवरून हे ठरवता येत नाही. त्याच यादीत ‘पिशुन’, म्हणजे चहाडखोर, असेही नाव आहे. वास लपत नाही म्हणून ते पडले असावे.

नावांवर विसंबणे किती फसवे, याचा पुरावा आपल्या देवघरातच आहे. संस्कृतातले कुंकुम म्हणजे केशर. त्यावरूनच आपला ‘कुंकू’ हा शब्द आला. पण पंढरपूरच्या बाजारातून आपण जे आणतो त्यात केशराचा कणही नसतो. हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार लावून तो लाल रंग साधलेला असतो. वस्तू दुर्मिळ, म्हणून नाव दुसऱ्या वस्तूने घेतले. करडईच्या वाळल्या पाकळ्याही केशर म्हणून खपवल्या जातात आणि करडई तर आपल्या सोलापूर-मराठवाड्याच्या शेतातलीच. ‘केशर’ या शब्दाचा मूळ अर्थ तंतू, आयाळ. सिंहाला केसरी म्हणतात ते त्याच्या आयाळीमुळे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर असे दोन शब्द येतात. त्यांपैकी स्त्रीकेसराची तीन टोके म्हणजे आपले केशर. ते फुलाचे बी धरण्याचे अवयव असावेत आणि त्या फुलाने कधी बी धरू नये, हा योग विलक्षण आहे.

पहिल्या कंदाचा माग अलीकडे गुणसूत्रांवरून लागला. जर्मनीत ड्रेस्डेन आणि गाटर्सलेबेन येथील दोन संशोधकगटांनी २०१९ मध्ये स्वतंत्रपणे एकच निष्कर्ष काढला: केशराचे पूर्वज ‘क्रोकस कार्टराइटिअनस’ या ग्रीसमधल्या रानफुलात आहेत, आणि लागवडीच्या केशराशी सर्वांत जवळचे नाते अथेन्सच्या परिसरातल्या, अ‍ॅटिका प्रांतातल्या झाडांचे आहे. या रानफुलाला दोन संच, म्हणजे १६ गुणसूत्रे असतात आणि ते बी धरते. केव्हातरी एका रोपात दोनाऐवजी तीन संच आले. त्याचे तंतू लांब निघाले, गडद निघाले. कोणाच्या तरी नजरेत ते भरले आणि त्याने किंवा तिने त्याचा कंद वेगळा काढून ठेवला.

अशी नजर त्या मुलखात फार जुनी आहे. एजियन समुद्रातल्या थेरा बेटावरचे अक्रोतिरी हे नगर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९६७ पासून स्पिरिडॉन मारिनातोस यांनी तिथे उत्खनन केले. त्यातल्या एका इमारतीच्या भिंतींवर मुली आणि स्त्रिया क्रोकसची फुले खुडताना, टोपल्या भरताना दिसतात. उंच आसनावर एक देवी बसली आहे आणि एक माकड तिला केशर अर्पण करते आहे. क्रीट बेटावरच्या क्नोसोस येथेही अशा चित्राचे तुकडे मिळाले होते. आर्थर इव्हान्सने ते जुळवून फुले वेचणारा निळा मुलगा उभा केला. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की तो मुलगा नाही, माकड आहे.

अक्रोतिरीच्या चित्रांच्या छायाचित्रांत मला एक गोष्ट खटकली. फुले खडकाळ उतारावर झुबक्या-झुबक्यांनी उगवलेली दाखवली आहेत. सरी नाही, वाफा नाही. माझा तर्क असा, की त्या बायका बहुधा रानातले फूल खुडत आहेत, ज्याला बी धरत होते ते. बेण्याचा हिशेब अजून सुरू व्हायचा होता.

*

काश्मीरचा पुरावाही जुना आहे, पण तो वेगळ्या जातीचा आहे. तो शब्दांत आहे. कल्हणाने बाराव्या शतकाच्या मध्याला राजतरंगिणी लिहिली. तिच्या पहिल्याच तरंगात तो आपल्या देशात सहज मिळणाऱ्या दुर्मिळ गोष्टी मोजतो आणि त्यांत केशर आहे. पांपोर म्हणजे जुने पद्मपूर, हेही त्याच्याकडूनच कळते.

त्याच्याही आधीचा साक्षीदार आपल्या अधिक जवळचा आहे. बिल्हण हा पांपोरजवळच्या खोनमुख गावचा, आजच्या खुनमोहचा. तरुणपणी काश्मीर सोडून तो मथुरा, काशी, सोमनाथ करत थेट रामेश्वरापर्यंत हिंडला आणि शेवटी कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या दरबारी विद्यापती झाला. महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा याच राज्यात होता. तिथे त्याने ‘विक्रमांकदेवचरित’ लिहिले. हे काव्य विस्मरणात गेले होते. १८७४ मध्ये गेओर्ग ब्यूलर यांना त्याची पोथी जेसलमेरच्या जैन भांडारात सापडली आणि पुढच्याच वर्षी ते मुंबई संस्कृत मालेत छापले गेले. त्यात बिल्हण काव्य आणि केशर यांचे नाते भावंडांचे मानतो आणि ही दोन्ही शारदेच्या देशाबाहेर उगवलेली आपण पाहिली नाहीत अशी ग्वाही देतो.

याकडे कवीची प्रौढी म्हणून पाहण्याची रीत आहे. मला मात्र त्यात प्रवाशाची साक्ष दिसते. निम्मा भारत पायाखाली घातलेला, केशराच्या शेतांशेजारी वाढलेला माणूस सांगतो आहे की हे पीक मला वाटेत कुठेही दिसले नाही. काव्याचे सोडा, केशराबद्दल त्याचे म्हणणे पटण्यासारखे आहे. कल्याणीला केशर येत होते ते वाळलेले, पुडीतून. दख्खनच्या उन्हात कंद टिकत नाही, हे मला माझ्या कुंडीने सांगितले होतेच.

पण ‘इथेच उगवते’ आणि ‘इथेच जन्मले’ ही दोन वेगळी विधाने आहेत. आणि गंमत अशी, की खुद्द काश्मीरच्या लोककथा दुसरे विधान करतच नाहीत. आईन-इ-अकबरीत अबुल फजल लिहितो की झेवन गावच्या पवित्र झऱ्यातून केशराचे बेणे निघाले अशी समजूत आहे आणि लागवडीच्या सुरुवातीला शेतकरी त्या झऱ्यात गाईचे दूध ओततात. झेवनचा झरा तक्षक नागाचा. दुसरी कथा दोन सूफी संतांची: परदेशातून आलेल्या त्या दोघांनी, आजारातून बरे केल्याबद्दल, गावच्या मुखियाला केशराचा कंद दिला. कालगणनेच्या कसोटीवर ही कथा टिकणार नाही. बिल्हण आणि कल्हण त्या संतांच्या आधीचे. तरीही पांपोरला खुडणीच्या दिवसांत त्या संतांचे स्मरण होते.

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात चिपिंग वॉल्डन नावाचे बाजाराचे गाव होते. केशराच्या लागवडीमुळे त्याचे नाव सॅफ्रन वॉल्डन पडले. तिथली कथा रिचर्ड हॅकलुइटने सोळाव्या शतकात नोंदवली. एका यात्रेकरूने पूर्वेकडच्या देशातून केशराचा एक कंद चोरला, काठी आतून पोखरून तीत लपवला आणि जिवावर उदार होऊन मायदेशी आणला. सापडला असता तर देहदंड होता.

नागाचा झरा, संतांची भेट, यात्रेकरूची काठी. इतिहास म्हणून तिन्ही कथा बाजूला ठेवाव्या लागतील. पण तिघींचे एका गोष्टीवर एकमत आहे: हे रोप आपोआप आलेले नाही, कोणाच्या तरी हातून आले. गुणसूत्रांचा अभ्यासही हेच सांगतो. पांपोर, इराणमधले खोरासान, स्पेनमधले ला मांचा इथल्या केशराची तुलना केली तर जनुकीय फरक जवळजवळ आढळत नाही. म्हणजे मूळ एक रोप, आणि बाकी सगळे त्याचे हातोहात पुढे गेलेले तुकडे. ‘काश्मीरजन्म’ हे नाव मला म्हणून चूक वाटत नाही, अपुरे वाटते. जन्म एकदाच झाला, दूर कुठेतरी. त्यानंतर काश्मीरने जे केले ते संगोपन, आणि या रोपाच्या बाबतीत संगोपन हेच सर्वस्व आहे.

*

त्या संगोपनाची किंमत कोण भरत होते, याच्याही नोंदी आहेत. अबुल फजलने लिहिले आहे की एकदा लावलेले बेणे सहा वर्षे फुलते, पण जमीन दरवर्षी भुसभुशीत करावी लागते आणि नंतर कंद काढून दुसरीकडे लावावे लागतात. जहांगीर फुलांच्या हंगामात पांपोरला गेला, तेव्हा वासाने त्याच्या लवाजम्याची डोकी दुखू लागली. त्याने खुडणाऱ्यांना विचारले; त्यांना डोकेदुखी माहीतच नव्हती. त्या माणसांबद्दल त्याने तिथे वापरलेले विशेषण तुच्छतेचे आहे. पण त्याच आठवणींत आणखी एक तपशील आहे. फुलांतून केशर काढून देणाऱ्यांना मजुरी मिठात मिळे, कारण काश्मीरात मीठ बाहेरून येत असे. एक किलो वाळलेल्या केशराला साधारण दीड लाख फुले लागतात. एकेक फूल पहाटे वाकून खुडायचे, त्याच दिवशी निवडायचे, आणि हातात मीठ घेऊन घरी जायचे.

हे हात थांबले की काय होते, ते सॅफ्रन वॉल्डनने दाखवले. बाहेरून स्वस्त केशर येऊ लागले, मजुरी परवडेना, शेतकरी दुसऱ्या पिकांकडे वळले. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथली लागवड संपली. गावाच्या चिन्हावर तटबंदीच्या आत तीन केशरफुले आजही आहेत; शेतात मात्र आपणहून एकही उरले नाही.

काश्मीरमध्ये जे घडले ते याहून वेदनादायक आहे. १८७७ ते १८७९ या काळात खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. दहा वर्षांनंतर जमाबंदी अधिकारी म्हणून आलेल्या वॉल्टर लॉरेन्सने ‘द व्हॅली ऑफ काश्मीर’ या १८९५ च्या ग्रंथात त्याच्या आठवणी नोंदवल्या. केशराबद्दल लिहिताना तो सांगतो की दुष्काळात लोकांनी केशराचे कंद खाल्ले. पुढे किश्तवाडहून बेणे आणले, दरवर्षी बेण्यासाठी जमीन राखली, तरी पीक सावरायला फार वेळ लागत होता.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. बी असलेल्या पिकाचा दाणा संपला तर बाजारातून दुसरा आणता येतो. रानात त्याचे नातलग असतात. केशराचा कंद खाणाऱ्याला ठाऊक होते की आपण काय खातो आहोत. आजोबांनी निवडलेले, त्यांच्या आजोबांकडून आलेले, कदाचित कल्हणाच्या काळापासून न तुटता आलेले बेणे त्या चुलीवर शिजले. आणि लेकरे समोर असताना त्यांनी दुसरे काय करायचे होते? एका कंदापासून वर्षाला थोडेच पोरकंद मिळतात आणि त्यांना फुलण्याजोगे व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून सावरायला वेळ लागला. सावरता आले, कारण डोंगरापलीकडच्या किश्तवाडने तेच रोप जपून ठेवले होते.

*

आज काश्मीरच्या केशराला मानसन्मान आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली, २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वेळी पांपोरच्या करेव्यांवर, म्हणजे केशर पिकवणाऱ्या उंच सपाट माळांवर, घरे उभी राहत आहेत, पाऊस वेळेवर पडत नाही, आणि कंदकूज हा बुरशीचा रोग पसरतो आहे. सगळे रोप मुळात एकच असल्यामुळे एकाला जे झेपत नाही ते कोणालाच झेपत नाही.

महाराष्ट्रातही हल्ली बंद खोलीत, तापमान राखून, मातीशिवाय ताटल्यांत केशर फुलवण्याचे प्रयोग होत आहेत. फुले येतात, हे खरे. पण कंद विकत आणून एकदाच फुलवला, तर तेही माझ्या तीन फुलांसारखेच आहे. त्यातली शिदोरी दुसऱ्या कोणाच्या शेतातली असते. ज्याला त्या खोलीनंतर पुढच्या वर्षीचा तेवढाच भारी कंद काढता आला, त्याने केशर पिकवले असे म्हणता येईल. फुलांची संख्या नंतर मोजावी.

कंद पुन्हा मागवू का, असे मला यंदा श्रावणात घरात विचारले. मी नको म्हटले. पांपोरच्या कोणीतरी निवडून, वाळवून, वेगळे ठेवलेले बारा कंद मी हौसेपायी संपवले होते. दुष्काळ नसताना बेणे खाल्ल्यासारखेच ते झाले. कुंड्या घासून ठेवल्या आहेत; त्यांत आता हळद लावली आहे. तिचे बेणे इथे टिकते. हा अंक तुमच्या हाती येईल त्या सुमारास पांपोरच्या माळांवर खुडणी चालू असेल.